खडूची रेघ

पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या अंगाला एक बोळ आहे आणि त्या बोळात एका शिंपीकाकांचं दुकान. आठ बाय दहाची खोली, पायाचं मशीन, चिंध्यांचा ढीग, इस्त्रीचा ओलसर गरम वास आणि कापड बेतायचं लाकडी टेबल. टेबलाच्या कोपऱ्यावर सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर असतो, मीडियम वेव्हवर मुंबई लावलेली. एप्रिलमधल्या एका दुपारी एक बाई ब्लाउजपीस घेऊन आल्या. पिशवी टेकवायला जागा करताना त्यांनी तो तिरका पडलेला ट्रान्झिस्टर टेबलाच्या कडेशी नीट सरळ करून ठेवला. त्याबरोबर गाणं बुडालं आणि भिंगरी भुंग्यासारखी जाडसर घरघर खोलीभर झाली. काकांनी मशीनवरची नजर न उचलता डावा हात लांब केला आणि रेडिओ पुन्हा तिरका केला. ‘असू द्या ताई, तो तसाच ठेवायचा. सरळ केला की भांडतो.’ टेबलाच्या लाकडावर मापाच्या खडूने ओढलेली एक रेघ होती. रेडिओची मागची कड त्या रेघेला बरोबर लावलेली.

ती रेघ काही केल्या डोक्यातून जाईना.

अशा रेडिओचं झाकण उघडलं तर आत वरच्या बाजूला पेन्सिलीएवढी काळी फेराइटची कांडी दिसते आणि तिच्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. बाहेर ओढायची चकचकीत एरियल एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचं काम ही कांडी करते आणि ती रेडिओच्या लांबीला समांतर बसवलेली असते. रेडिओलहरीचं चुंबकीय क्षेत्र लहरीच्या वाटेला आडवं असतं, म्हणून कांडी वाटेला आडवी धरली की आवाज भरघोस येतो आणि कांडीचं टोक थेट उगमाकडे रोखलं की तो मावळतो. या मावळण्याच्या जागेला हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, ‘नल’ म्हणतात. शिंपीकाकांनी रेडिओ मुंबईकडे वळवलेला नव्हताच. घरघर जिकडून येत होती तिकडे कांडीचं टोक रोखून त्यांनी तिचं तोंड बंद केलं होतं. हाताने फिरवत, कान देत, गाणं जिथे स्वच्छ झालं तिथे खडू टेकवला. म्हणजे ती रेघ हा मोजलेला कोन होता. दाराबाहेर वाढवली असती तर बोळ ओलांडून समोरच्या विजेच्या खांबाला भिडली असती.

आता यात गंमत अशी की काकांनी आवाजाचा जोर शोधला नाही, त्याचं नाहीसं होणं शोधलं, आणि अचूकपणा त्यातच आहे. कांडी पूर्ण आडवी असताना ती २५ अंश फिरवली तरी सिग्नल जेमतेम १० टक्क्यांनी घटतो. कानाला ते समजतसुद्धा नाही. पण नलपासून नुसते ५ अंश सरकलं तर काहीच नव्हतं तिथे पूर्ण जोराच्या ९ टक्के इतकं काहीतरी उगवतं, आणि शांततेत उगवलेलं कानाला लगेच कळतं. जोर पसरट असतो, नल सुईसारखा टोकदार. काकांना या दोन्हींचा फायदा झाला. मुंबईच्या लहरीला कांडी जशी पूर्ण आडवी हवी, तिथून रेडिओ ३० अंश वळला असला तरी गाणं फक्त १३ टक्क्यांनी कमी झालं, घरघर मात्र पार गेली.

कांडीला दोन टोकं आहेत ही पहिली अडचण. उगम समोर आहे की पाठीमागे, ते एका रेघेवरून ठरत नाही. त्यासाठी जागा बदलून दुसरी रेघ ओढावी लागते. रात्री आणखी घोटाळा होतो. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातून, खाली उतरणाऱ्या लहरी जमिनीवरून आलेल्या लहरींत मिसळतात, नल भरून येतो आणि जरा वेळाने दिशा बदलतो. मीडियम वेव्हवर दिशा शोधायची तर दुपार बरी. आणि सगळ्यांत मोठी अडचण त्या खांबाची होती, कारण खांब खोटी साक्ष देत होता.

विजेच्या लाइनवरचा गोंगाट बहुतेक वेळा एखाद्या सैल जोडातल्या ठिणगीतून निघतो. पिन इन्सुलेटरची सुटलेली बाइंडिंग वायर, गंजलेला जंपर, ढिला झालेला नटबोल्ट. दोन धातूंच्या मध्ये केसभर फट राहते आणि ५० हर्ट्‌झच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात ती फट पेटते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. ती जाडसर घरघर म्हणजे हे १०० ठोके. पण मीडियम वेव्हच्या लहरीची लांबी काहीशे मीटर असते आणि त्या वारंवारतेचा गोंगाट तारांवरून कितीतरी खांब लांब वाहत जातो. वाटेतली प्रत्येक तार एरियल बनते. म्हणून रेडिओ सगळ्यांत जवळची तार दाखवतो, फट असलेला खांब दाखवत नाही. रेडिओचं बोट धरून समोरच्या खांबाखाली जाऊन उभं राहिलं तर तिथे सगळं धड असतं. लोक इथेच थकतात आणि ‘लाइनच खराब आहे’ म्हणून सोडून देतात.

यावरचा उपाय पायऱ्यांनी वर चढायचा आहे. सगळ्यांत आधी स्वतःच्या घराचं मेन स्विच बंद करून सेलवरच्या रेडिओने ऐकावं. पुष्कळ वेळा उगम घरातल्याच चार्जरमध्ये किंवा एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये निघतो. घर निर्दोष ठरलं की रस्त्यावर यावं आणि गोंगाट ऐकू येईल तितक्या वरच्या वारंवारतेवर जावं. १३५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास एएम मोडवर ऐकलं तर लांबचे खांब गळून पडतात. एफएम मोड इथे कामाचा नाही, त्याचा लिमिटर ठोके गिळतो. तिथून ४०० मेगाहर्ट्‌झच्या पुढे हातातली तीन दांड्यांची यागी, म्हणजे एकाच दिशेचं जोरात ऐकणारी एरियल, घेऊन गेलं की उरतो एकच खांब, फार तर दोन. यागीसाठी पीव्हीसी पाइप आणि सुताराची पोलादी मोजपट्टी पुरते. पट्टी वाकून परत सरळ होते, त्यामुळे गल्लीबोळांतून नेता येते. सोल्डरिंग करण्याआधी तिच्यावरचा रंग पुरता खरवडायला हवा, नाहीतर वरून पकडलेला दिसणारा जोड आतून सुटाच राहतो. खांब सापडला की त्याचा नंबर लिहून वायरमनला द्यायचा. खांबाच्या ताण्याची तार धरून हलवून पाहायचं धाडस कुणी करू नये. शोधणाऱ्याचं काम नंबरापाशी संपतं.

उगम जवळ आला की मोठा आवाज अजूनच फसवतो. रिसीव्हर इतका भरून जातो की यागी कुठेही वळवली तरी काटा टोकालाच. वॉकीटॉकीचा बटण अडकलेला सेट शोधताना हे हमखास होतं. मग मध्ये सिग्नल बारीक करणारा अ‍ॅटेन्युएटर लावायचा, नसेल तर वारंवारता ५ किलोहर्ट्‌झ बाजूला सरकवायची, एरियल काढून टाकायची. काहीच हाताशी नसलं तर सेट छातीशी धरून जागेवर हळूहळू गोल फिरायचं. ज्या क्षणी सिग्नल सर्वांत जास्त पडतो त्या क्षणी उगम आपल्या पाठीमागे असतो, कारण मध्ये आपलं अंग आलेलं असतं. इथेही खूण पडण्याचीच.

हातातल्या यागीऐवजी छपरावर पाच एरियल गोलाकार उभ्या करून कोन मोजणारी यंत्रणा आता छंदी माणसाच्याही आवाक्यात आली आहे. पाच रिसीव्हर एकाच घड्याळावर चालतात आणि एकच लहर प्रत्येक एरियलपाशी किती मागेपुढे पोचली ते फेजवरून, म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून, कळतं. शेजारच्या एरियलमध्ये अर्ध्या लहरीपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर खोट्या दिशा उगवतात. १४५ मेगाहर्ट्‌झला लहर २ मीटर ७ सेंटिमीटरची, म्हणजे अंतर सुमारे १ मीटरच्या आत. खरी परीक्षा केबलची असते. या वारंवारतेला नेहमीच्या केबलची एक तार ४ सेंटिमीटरने लांब झाली तर फेज १० अंश चुकते, समोरून येणाऱ्या सिग्नलची दिशा ३.२ अंशांनी सरकते आणि ५ किलोमीटरवर तो चुकीचा ठिपका २८० मीटर बाजूला पडतो. दोन बोटं केबलसाठी अख्खा मोहल्ला बदलतो. म्हणून पाचही केबल एकाच गुंडाळ्यातून, एकाच मापाने कापायच्या आणि तरीही दर वेळी आतला गोंगाट-स्रोत लावून कॅलिब्रेशन करायचं.

फेजवरून दिशा काढायचं गणित राल्फ श्मिट यांनी मांडलं, त्याचं नाव ‘म्युझिक’. त्याच्या आलेखात उगमाच्या दिशेला उंच सुळके दिसतात, पण ते सुळके जोराचे नसतात. गणित आधी निव्वळ गोंगाटाचा भाग वेगळा काढतं, मग कुठल्या दिशेचा ठसा त्या भागात शून्य होतो ते पाहतं आणि त्या शून्याने भागल्यामुळे सुळका उठतो. म्हणजे काकांच्या खडूने केलं तेच. त्यानंतर आलेल्या ‘एस्प्रिट’ या पद्धतीचा १९८९ चा निबंध रिचर्ड रॉय आणि थॉमस कैलाथ यांचा. कैलाथ १९३५ साली पुण्यात जन्मले आणि तिथल्याच सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवी घेऊन बाहेर पडले. पाच एरियल असतील तर एका वेळी जास्तीत जास्त चार उगम वेगळे काढता येतात. काकांच्या रेडिओत एकच कांडी, म्हणून ती एकाच घरघरीला गप्प करू शकते. हे पुढे त्यांना नडलं.

कोन हा रस्त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग वेळेचा, आणि मला स्वतःला तोच जास्त सुंदर वाटतो. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. पंचवटीत एक आणि नाशिकरोडला एक असे दोन रिसीव्हर ठेवले, मध्ये सरळ रेषेत सुमारे ८ किलोमीटर, तर एकच सिग्नल दोघांकडे पोचण्यातला फरक २७ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त असूच शकत नाही. जास्त आला तर उगमाकडे पाहायचं नाही, घड्याळाकडे पाहायचं. फरक १० मायक्रोसेकंद आला तर उगम एका ठाण्याला, म्हणजे एका रिसीव्हरला, दुसऱ्यापेक्षा ३ किलोमीटर जवळ आहे एवढंच कळतं, आणि असे सगळे बिंदू जोडले की अपास्त उमटतो, शाळेतला हायपरबोला. तिसरा रिसीव्हर सातपूरला ठेवला की दुसरा अपास्त मिळतो आणि जिथे दोघे छेदतात तिथे उगम. सातपूरऐवजी तिन्ही ठाणी द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा अशी महामार्गाच्या कडेने ओळीत लावली तर सगळी मेहनत अर्धवट राहते. एका ओळीतल्या ठाण्यांना उगम रस्त्याच्या डावीकडे की उजवीकडे, ते कधीच सांगता येत नाही.

संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर, म्हणजे स्वस्त डोंगल, सेकंदाला सिग्नलचे २४ लाख नमुने घेतं. दोन नमुन्यांमध्ये लहर १२५ मीटर गेलेली असते. हे खपून जातं, नमुन्यांच्या मधली जागा गणिताने भरता येते. खपत नाही ते घड्याळ. आतला स्फटिक दहा लाखांत एक इतका चुकला तरी सेकंदाला एक मायक्रोसेकंद सरकतो, दहा सेकंदांत ३ किलोमीटर. शिवाय यूएसबीवर दोन-चार नमुने गळतात आणि कुणी सांगत नाही. जीपीएसचा दर सेकंदाचा ठोका लावला तर चूक दहा-वीस नॅनोसेकंदांच्या घरात येते. तेवढा खर्च नसेल तर एक साधी युक्ती आहे. ज्याचा मनोरा नकाशावर नक्की माहीत आहे असं एफएम केंद्र आधी पकडायचं, नमुन्यांचा ओघ न तोडता मधे हवा तो सिग्नल घ्यायचा आणि शेवटी पुन्हा तेच केंद्र. केंद्राचा फरक किती यायला हवा ते अंतरावरून माहीत असतं, जास्तीचं जे दिसेल ती घड्याळांची चूक. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याची चूक जुळली नाही तर मधलं मोजमाप टाकून द्यायचं. केबलसुद्धा विसरायची नाही. १० मीटर केबलमध्ये सिग्नल ५० नॅनोसेकंद रेंगाळतो, हवेत तेवढ्यात १५ मीटर गेला असता.

पण वेळ मोजायला सिग्नलमध्ये काहीतरी घडावं लागतं. दोन नोंदी एकमेकींवर सरकवून त्या कुठे जुळतात ते पाहायचं असतं, आणि जुळण्याचा उंचवटा सिग्नल जितका अरुंद तितका पसरट. वॉकीटॉकीच्या साडेबारा किलोहर्ट्‌झच्या चॅनलला तो ८० मायक्रोसेकंद रुंद असतो, जमिनीवर २४ किलोमीटर, अख्खं नाशिक त्यात मावेल. सिग्नल खूप स्वच्छ असेल तर माथ्याचा मध्य रुंदीच्या शंभराव्या भागापर्यंत काढता येतो, म्हणजे २४० मीटर. आणि बटण अडकलेल्या सेटवर कुणी बोलतच नसेल, नुसती कोरी वाहक लहर येत असेल, तर जुळणीचा माथाच नाही. प्रत्येक लहर आधीच्या लहरीसारखी. अशा मुक्या सिग्नलपुढे वेळेचं गणित हात टेकतं, तिथे कोनच हवा. उलट आकाशातली वीज. तिच्या लहरीची कड इतकी तीव्र असते की वेगवेगळ्या गावांतल्या सेन्सरनी नोंदलेल्या वेळांवरून ती कुठे पडली ते काढता येतं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत उभ्या असलेल्या माणसाला पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं, त्याच्या मुळाशी हेच आहे.

कोनाची चूक अंतराबरोबर वाढते. एक अंश म्हणजे ५ किलोमीटरवर ८७ मीटर, १० किलोमीटरवर त्याच्या दुप्पट. वेळेची चूक तशी थेट अंतराने फुगत नाही. म्हणून लांबून वेळेवर भरवसा, जवळ गेल्यावर कोनावर. दोनच ठाणी असतील तर एका अपास्तावर एक कोन टाकला तरी ठिपका मिळतो. तीन कोनांच्या तीन रेघा कधीच एका बिंदूत मिळत नाहीत, त्यांच्यात एक छोटा त्रिकोण उरतो आणि सगळे जण निःशंकपणे त्या त्रिकोणात शोधायला जातात. प्रत्येक रेघ डावीकडे किंवा उजवीकडे चुकण्याची शक्यता सारखी धरली तर उगम त्या त्रिकोणात असण्याची शक्यता चारात एक असते. चारातल्या तीन वेळा तो बाहेर असतो. हे पटायला फार जड जातं, पण कागदावर शक्यता मोजून बघाव्यात.

ऑगस्ट लागला की गोदाकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो. तिवंध्यात किंवा दहीपुलाच्या आसपासच्या बोळात उभं राहून तो ढोल ऐकावा. पथक पाठीमागून येत असतं आणि आवाज समोरच्या वाड्याच्या भिंतीतून येतो. मध्ये इमारत असल्यामुळे सरळ आवाज अडलेला असतो, भिंतीवरून उलटलेला मात्र मोकळ्या वाटेने जोरात पोचतो. शहरातल्या रेडिओलहरींचं अगदी हेच होतं. पांडवलेणीच्या डोंगरावरून किंवा एखाद्या काचेच्या इमारतीवरून उलटलेला सिग्नल सरळ सिग्नलपेक्षा दणकट असू शकतो आणि कोन मोजणारा त्या डोंगराकडे तोंड करून बसतो. एकच गोष्ट उलटलेल्या सिग्नलला जमत नाही, लवकर येणं. वळसा घेऊन आलेला सरळ आलेल्याच्या आधी पोचू शकत नाही. म्हणून जुळणीच्या आलेखात सर्वांत उंच माथा घ्यायचा नसतो, त्याच्या आधीचा, कधी कधी गोंगाटात जेमतेम डोकं वर काढलेला पहिला उंचवटा घ्यायचा असतो. आपल्या कानाला हे उपजत येतं. काही मिलिसेकंदांच्या अंतराने दोन आवाज आले तर तो आधी आलेल्याच्या दिशेला उगम धरतो. देवळालीच्या तोफखाना शाळेत तोफा शिकणाऱ्यांना हे नवं नाही. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग यांनी, १९१५ साली वयाच्या पंचविशीत नोबेल मिळालेल्या त्याच ब्रॅगनी, ओळीने मायक्रोफोन ठेवून धमाका कुठे आधी कुठे नंतर पोचला यावरून शत्रूची तोफ शोधायची पद्धत बसवली होती. त्यांना वाऱ्याचा आणि तापमानाचा हिशेब धरावा लागे. रेडिओलहरीला वारा लागत नाही, तेवढी आपली सुटका.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि शिंपीकाकांची घरघर आपोआप गेली. पाणी फटीत शिरलं की ठिणगी पडत नाही. कोरड्यात घरघर आणि पावसात शांत, तर सैल जोड. कोरड्यात शांत आणि ओलाव्यात तडतड, तर इन्सुलेटरवरची घाण. रोगाची एवढी सरळ लक्षणं फार थोड्या ठिकाणी मिळतात. पाऊस उघडून चार दिवस ऊन पडलं की घरघर परत येई आणि रेडिओ परत खडूच्या रेघेवर जाई.

गणपतीत समोरच्या मंडळाने बोळावर एलईडीच्या माळा सोडल्या. संध्याकाळी त्या लागल्या की रेडिओत वेगळाच आवाज, ठोक्यांचा नाही, बारीक किरकिर, डायल फिरवली तर थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा भेटणारी. त्या वेळी जुन्या रेघेचा उपयोग होईना. काकांनी शिलाई थांबवली, रेडिओ दोन्ही हातांत धरला, कान जवळ नेऊन सावकाश फिरवला आणि किरकिर मावळली तिथे टेकवून दुसरी रेघ ओढली. दिवसा पहिली, माळा लागल्या की दुसरी. आता टेबलाच्या कोपऱ्यावर दोन रेघांची फुली आहे. एक रेघ तारेच्या खांबाकडे जाते, दुसरी मंडळाच्या माळांकडे. दोन्ही जागा नकाशावर दाखवता येतात, आणि त्या दोन ठिपक्यांपासून याच दोन दिशांनी उलट्या रेघा ओढल्या तर नकाशावर त्या छेदतात तिथे काळाराम मंदिराच्या मागचा बोळ येतो, आणि बोळातलं ते आठ बाय दहाचं दुकान.